मुठीवरची खरखर

एप्रिल २०२५ च्या अखेरीस लंडनमधील सोदबीज या संस्थेच्या लिलावात एक मराठा तलवार विक्रीस आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघुजीराजे भोसले (१६९५-१७५५) यांची ही तलवार. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली. त्यासाठी सुमारे ४७ लाख रुपये खर्च आला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोचली. तिची छायाचित्रे तुमच्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रांत पाहिली असतील. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे; अशा पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत. पात्याच्या पाठीवर रघुजीराजांचे नाव देवनागरी अक्षरांत सोन्याने लिहिलेले आहे. मूठ मात्र इथली, मुल्हेरी घाटाची, आणि तिच्यावर सोन्याची नक्षी.

इतिहासाचे अभ्यासक प्रथम त्या अक्षरांकडे पाहतील. आपण मुठीकडे पाहू, कारण तिथे विज्ञानाचे दोन चांगले प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न असा, की सोने पोलादावर टिकून कसे राहिले? तिथे डिंक नाही, सरस नाही, डाखही दिलेला नाही. दुसरा प्रश्न असा, की धातूची मूठ घामेजलेल्या हातातून निसटत का नाही? नागपूरच्या मे महिन्यात तळहाताला किती घाम येतो हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. गंमत म्हणजे दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांचे मूळ एकाच गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे पृष्ठभागाची खरखर. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या हातांनी तपासता येते.

ओली मूठ का सटकते?

घरातली अखंड स्टीलची सुरी पाहा. लाकडी मुठीच्या सुरीपेक्षा ती धुवायला सोपी, तिच्यात फट नाही, मूठ कुजत नाही. पण हाताला तेल किंवा साबण लागला की तीच सुरी धोक्याची ठरते. कोरड्या हाताची त्वचा धातूला थेट टेकलेली असते. त्वचा मऊ असल्यामुळे ती दाबाखाली पसरते, आणि घर्षण पुरेसे मिळते. पण मध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर आला, की त्वचा धातूवर न टेकता त्या थरावर तरंगू लागते. मोटारीचे झिजलेले टायर पावसात घसरतात ते याच कारणाने. टायरवर खाचा असतात त्या पाण्याला बाहेर जायला वाट मिळावी म्हणून. मुठीवरच्या खाचाही तेच काम करतात. शिवाय दाबली गेलेली त्वचा खाचांत किंचित शिरते आणि अडकून बसते. हे केवळ घर्षण नव्हे, ही प्रत्यक्ष अडवणूक आहे.

खाच कोणत्या दिशेने असावी? यासाठी पुढील प्रयोग करा. सुरी घेऊ नका. अर्ध्या भागावर आटे आणि अर्धा भाग गुळगुळीत असलेला एक जाड बोल्ट घ्या. बोल्टच्या एका टोकाला दोरी बांधून ती ताणकाट्याला अडकवा. हाताला साबणाचे पाणी लावा आणि गुळगुळीत भाग चिमटीत धरा. मित्राला ताणकाटा सावकाश ओढायला सांगा. बोल्ट निसटताना काट्यावर किती आकडा होता तो लिहून ठेवा. मग आट्यांचा भाग तितक्याच जोराने धरून पुन्हा ओढा. फरक तुम्हाला चटकन दिसेल. आता ओढण्याऐवजी बोल्ट चिमटीत गोल फिरवून पाहा. या वेळी आटे जवळजवळ काहीच मदत करत नाहीत! बोट आट्यांच्या खाचेतूनच फिरत जाते.

यातून मुठीच्या नक्षीचा पहिला नियम मिळतो: खाच सरकण्याच्या दिशेला आडवी हवी. सुरी खुपसताना हात पुढे, पात्याकडे सरकू पाहतो. तो रोखायला मुठीभोवती आडव्या खाचा हव्यात. कठीण पदार्थ चिरताना सुरी हातात वळू पाहते. ते रोखायला मुठीच्या लांबीबरोबर जाणाऱ्या खाचा हव्यात. दोन्ही हवे असेल तर तिरप्या रेषांची, एकमेकींना छेदणारी जाळी काढावी. पतंगीच्या आकाराच्या चौकटींची ही जाळी तुम्ही कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या मुठीवर, सायकल दुरुस्तीच्या हत्यारांवर, व्यायामशाळेतल्या वजनाच्या दांड्यावर पाहिली आहे. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. ती शोभा आहेच, पण तिथे ती आधी कामासाठी आली.

शस्त्रवैद्याच्या चाकूचे उदाहरण येथे आठवते. त्याची मूठ सपाट पोलादी असते, कारण ती वाफेच्या दाबपात्रात पुन्हा पुन्हा निर्जंतुक करावी लागते. लाकूड तिथे टिकणार नाही. रबरी हातमोजे ओले, काम मिलिमीटरच्या हिशेबाचे, आणि चूक झाली तर परिणाम रुग्णाला भोगावा लागणार. अशा मुठीवर बोटे टेकतात तेथेच नेमक्या आडव्या खाचा असतात. उरलेली मूठ साफ असते. खाच जितकी अधिक तितकी चांगली, असे मात्र नाही. खाचेत मळ आणि चिकटा साठतो आणि तिथे जंतूंची सोय होते. म्हणूनच स्वयंपाकाच्या सुरीवर खोल, टोकदार जाळी काढणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. जपानमध्ये १९८५ साली ‘ग्लोबल’ नावाच्या अखंड स्टीलच्या सुऱ्या निघाल्या. त्यांच्या मुठीवर खाचांऐवजी उथळ, गोल खळगे आहेत. गोल खळगा ब्रशने सहज साफ होतो. त्या मुठी आतून पोकळ असून तोल साधण्यासाठी त्यांत वाळू भरलेली असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

धातू न कापता काढलेली नक्षी

कर्कटकाच्या मुठीवरची जाळी कानशीने एकेक रेघ ओढून काढली असेल असे वाटते; तसे नसते. हे काम लेथ यंत्रावर होते आणि कारखान्यात त्याला नर्लिंग म्हणतात. तुमच्या गावात औद्योगिक प्रशिक्षण संस्था असेल, तर तिथल्या शिक्षकांना विनंती करून हे एकदा अवश्य पाहा. कठीण पोलादाच्या दोन लहान चकत्या असतात. त्यांच्या कडेवर तिरपे दाते असतात, एकीवर डावीकडे झुकलेले आणि दुसरीवर उजवीकडे. फिरणाऱ्या दांड्यावर या चकत्या जोराने दाबल्या, की त्या दांड्याबरोबर फिरू लागतात आणि दाते धातूत रुतत जातात. दात्याखालचा धातू खरवडून निघत नाही. तो बाजूला सरकतो आणि वर येतो. म्हणून नर्लिंग केल्यावर दांड्याचा व्यास कमी न होता किंचित वाढतो. पोळीच्या कणकेत बोटे रोवली तर बोटांच्या मधली कणीक वर येते, तसाच हा प्रकार.

इथे गणितही आहे. समजा दांड्याचा व्यास १४ मिलिमीटर आहे आणि चकतीच्या दोन दात्यांमधले अंतर १ मिलिमीटर आहे. परीघ काढा: १४ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे ४४ मिलिमीटर. एका फेरीत ४४ खाचा बरोबर बसतात, आणि दुसऱ्या फेरीत दाते पहिल्याच खाचांत पडून त्या खोल करतात. पण व्यास १४.१६ मिलिमीटर असता, तर परीघ सुमारे ४४.५ मिलिमीटर झाला असता. मग दुसऱ्या फेरीत दाता दोन खाचांच्या मधोमध उंचवट्यावर पडणार आणि जाळी पुसट, दुहेरी होणार. प्रत्यक्षात चकती थोडी सरकून घेते आणि लहानसहान फरक सांभाळते; तरी अर्ध्या दात्याचा फरक सर्वांत वाईट. एका मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतक्या फरकाने नक्षी बिघडावी, हे कारागिराला अनुभवाने ठाऊक असते आणि तुम्हाला आता परिघाच्या सूत्राने कळले.

धातू न कापता काढलेली आणखी एक नक्षी तुमच्या घरात असण्याचा संभव आहे. तांब्याच्या जुन्या घंगाळावर किंवा हंड्यावर एकसारखे चकचकीत ठोके असतात. याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे कारागीर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मठारण्याने भांडे सुंदर दिसते, तसेच ते कणखरही होते. तांब्यात अणूंची रचना ठरावीक ओळींत असते. या ओळींतील दोष सरकत राहतात तोवर धातू सहज वाकतो. हातोडीच्या ठोक्यांनी असे असंख्य नवे दोष निर्माण होऊन त्यांची एकमेकांत गुंतागुंत होते, आणि मग त्यांना सरकता येत नाही. तांब्या-पितळेच्या मुठीवर असे ठोके दिले, तर मूठ धरायला चांगली होते आणि तिला सहज पोचे पडत नाहीत. अडकित्त्यांच्या पितळी मुठींवर ठशांनी आणि छिन्नीने काढलेले काम पाहायचे असेल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला अडकित्त्यांचा संग्रह पाहा. एवढे अडकित्ते एकत्र पाहून थक्क व्हायला होते.

सोने कसे बसते?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. एक काचेचा तुकडा घ्या (कडा घासलेला असावा) आणि त्यावर पेन्सिलीने तुमचे नाव लिहा. उमटत नाही. आता दुधी, घासलेल्या काचेवर लिहा. नाव स्पष्ट उमटते. काच तीच, शिसेही तेच. बदलली ती फक्त खरखर. घासलेल्या काचेवरच्या बारीक टोकांनी शिशाचे कण खरवडून आपल्या फटींत धरून ठेवले. पाटीवर आपण लिहितो तेही असेच.

पोलादावर सोने बसवण्याची कोफ्तगारी ही कला याच तत्त्वावर उभी आहे. हा शब्द फारसी. ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे. कारागीर पोलादाचा पृष्ठभाग प्रथम स्वच्छ करतो. मग धारदार, कठीण पोलादी हत्याराने त्यावर अगदी जवळजवळ समांतर रेघा मारतो. त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या दिशेने रेघा, मग तिसऱ्या दिशेनेही. चकाकणारे पोलाद आता करडे आणि निस्तेज दिसू लागते, कारण प्रकाश एका दिशेने परावर्तित न होता सर्व बाजूंना विखुरतो. प्रत्येक रेघेच्या काठाला धातूचा बारीकसा कंगोरा उभा राहिलेला असतो. हे कंगोरे किंचित कलते असतात, आणि सोने पकडण्याचे खरे काम त्यांचेच.

या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याची केसासारखी बारीक तार नक्षीच्या रेषेवर ठेवून दाबत जायचे आणि हलकेच ठोकायचे. शुद्ध सोने अतिशय मऊ आणि तन्य आहे. एका ग्रॅमपासून सुमारे दोन किलोमीटर लांब तार ओढता येते, यावरून कल्पना करा. ठोक्याखाली ते कणकेप्रमाणे पसरते, रेघांत उतरते, आणि कलत्या कंगोऱ्यांखाली अडकते. पोलाद त्या मानाने फारच कठीण. त्याचे कंगोरे मोडत नाहीत. एक धातू कठीण आणि दुसरा मऊ, हे येथे महत्त्वाचे. दोन्ही सारखेच कठीण असते तर ही कला शक्यच झाली नसती. शेवटी हकिकाच्या गुळगुळीत दगडाने घासून सोन्याला झळाळी देतात. तारांच्या जागी सोने सलग दिसते, आणि त्याच्याखाली ती जाळी कायमची झाकली जाते.

नक्षीभोवतीचे पोलाद पुष्कळदा गडद निळे किंवा काळसर असते. तो रंग लावलेला नसतो. स्वच्छ पोलाद हवेत तापवले की त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, सेंटिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीचा. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन रंग दिसतात. पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या रंगांचे कारणही हेच. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला पोलाद गवती पिवळे दिसते, २८० च्या आसपास जांभळे, आणि ३०० च्या सुमारास निळे. सोन्याचे ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून ते पिवळेच राहते. एकाच आचेवर पार्श्वभूमी निळी आणि नक्षी पिवळी! दोन रंगांसाठी दोनदा मेहनत नाही.

तुमच्यापैकी चौकस वाचक येथे अडवतील: अशी आच दिली तर पात्याचे पाणी उतरणार नाही का? बरोबर आहे. धारेचे पोलाद निळे होईपर्यंत तापले तर ते बरेच मऊ पडते आणि धार टिकत नाही. म्हणून मूठ वेगळी बनवत, तिच्यावरचे सारे काम वेगळे पुरे करत, आणि मग पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीत घालून लाख-राळेसारख्या चिकट द्रव्याने पक्का करत. युरोपातून आलेले पाते आणि मराठी मूठ यांचा जोड जमला तो या पद्धतीमुळेच. पाते मोडले तर मूठ दुसऱ्या पात्याला बसवता येई, हा आणखी एक फायदा.

पण ही मूठ हातात घट्ट राहत होती का? कोफ्तगारीची खरखर सोन्याखाली झाकली जाते आणि वरचा भाग तर दगडाने घासून गुळगुळीत केलेला. म्हणजे सोन्याला धरून ठेवणारी खरखर हाताच्या उपयोगाची राहिली नाही. त्याचे उत्तर रघुजीराजांच्या तलवारीच्या छायाचित्रातच आहे: तळहात टेकतो त्या भागाला हिरवे कापड गुंडाळलेले आहे. कापड घाम शोषते आणि पकड देते. सोने शोभते ते भोवतीच्या परजेवर आणि वाट्यांवर, जिथे हाताचे ओझे पडत नाही. मला हा कामाचा वाटा फार समंजसपणाचा वाटतो.

सोने टिकवण्याच्या इतर रीतीही होत्या. तहनिशानमध्ये पोलादात खोल खाच कोरतात. ती तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असते, आणि तिच्यात ठोकलेले सोने पुन्हा बाहेर येऊ शकत नाही. हे काम अधिक टिकाऊ, पण सोने जास्त लागते. तिसरी रीत पाऱ्याच्या मुलाम्याची. सोने पाऱ्यात विरघळवून तो लेप लावायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा. त्या वाफा श्वासातून शरीरात जातात. जगभर ही झळाळी देणाऱ्या कारागिरांनी तिची किंमत हातांच्या कंपाने आणि अकाली मृत्यूने चुकवली. कोफ्तगारीत पारा लागत नाही. राजस्थानात उदयपूरला कोफ्तगारीचे कारागीर आजही काम करतात.

जुन्या शस्त्रावर मुलामा आहे की कोफ्तगारी हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले; नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे शस्त्रांचे दालन आहे. गेलात तर खिशात एक भिंग न्या आणि जिथे सोने झिजले आहे तीच जागा पाहा. मुलामा उडालेल्या जागी साधे पोलाद दिसते. कोफ्तगारीचे सोने उडाले असेल तर बारीक रेघांची जाळी उघडी पडलेली दिसते, आणि एखाद्या रेघेत सोन्याचा कण अजून अडकलेला असतो. काचेला हात मात्र लावू नका.

शाळेत करून पाहण्याजोगी जाळी

सोने आपल्याजवळ नाही, पण पोलादावर जाळी कोरणे शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेत करता येईल. साध्या लोखंडी पत्र्याची बोटभर पट्टी घ्या. ती जस्ताचा थर दिलेली किंवा स्टेनलेस नको, आणि खरी सुरी तर मुळीच नको. पट्टी पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवा, कोरडी करा आणि मेणबत्तीच्या मेणाने दोन्ही बाजू व कडा झाका. सुईने मेणात तिरप्या रेषांची जाळी ओढा. खालचा धातू दिसला पाहिजे. प्लास्टिकच्या भांड्यात १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद आणि तितकेच मीठ विरघळवा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका, कारण हे द्रावण त्यालाच खाऊ लागेल. मोरचूद विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला.

पट्टी द्रावणात बुडवली की थोड्याच वेळात रेघांत तांबूस गाळ दिसू लागेल. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते द्रावणात जाते आणि त्याच्या जागी तांबे बाहेर पडते. दर दहा मिनिटांनी जुन्या दातघाशीने हा गाळ पाण्याखाली हलकेच झाडा, नाहीतर तो लोखंड झाकून टाकतो आणि क्रिया मंदावते. तासाभराने पट्टी काढून गरम पाण्यात मेण उतरवा आणि जाळीवर नख फिरवून पाहा. मग एक पट्टी एक तास आणि दुसरी दोन तास ठेवून खाचांची तुलना करा. वेळ वाढला की खाच खोल होतेच, पण मेणाखाली बाजूलाही पसरते आणि रेघ रुंदावते. फार वेळ ठेवलेल्या पट्टीवर शेजारच्या दोन रेघा एकमेकींत मिसळून जाळी नाहीशी होते. उरलेल्या द्रावणात लोखंडी खिळे टाकून त्याचा निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा, तळाशी बसलेले तांबे गाळून घ्या, आणि ते पाणी झाडांना किंवा विहिरीजवळ ओतू नका.